पसंतीक्रम कुणाचा?



स्मृतिव्याख्यानाचा विषय म्हणजे निदान एखादं शतक किंवा एखादी विचारधारा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज एका अर्जाबद्दल बोलणार आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की हा अर्ज महाराष्ट्रातल्या लाखो घरांत मोबाईलच्या पडद्यावर उघडतो. अकरावीसाठी त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात वैयक्तिक माहिती भरायची, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती. बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जायचं, तर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचा, म्हणजे सगळे ज्याला ‘सीईटी सेल’ म्हणतात त्याचा, ऑप्शन फॉर्म असतो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन पद्धत 2009 मध्ये मुंबई विभागात सुरू झाली, पुढे पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत गेली आणि 2025 मध्ये साऱ्या राज्याला लागू झाली. तालुक्याच्या गावातलं जे मूल जवळच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन सरळ नाव घालून येत होतं, तेही आता पसंतीक्रम लावतं. पंधरा ते अठरा या वयातलं मूल आणि चाळिशी-पन्नाशीतले आईवडील एकाच अर्जावर, एकाच मुदतीत, एकत्र बसून निर्णय घेतात असा आपल्या कौटुंबिक आयुष्यातला हा बहुधा पहिलाच प्रसंग असतो. त्या प्रसंगी कोणी काय करायचं, एवढाच माझा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कागदपत्रं, मुदती आणि पैशांचा हिशेब हे पालकांचं काम. पसंतीचा क्रम लावणं हे मुलाचं काम. आणि घरची जी काही मर्यादा असेल ती क्रम लावण्याआधी सांगायची, लावून झाल्यावर नाही.

हे मत पोरांच्या लाडातून आलेलं नाही. ते जागावाटपाच्या पद्धतीतूनच निघतं. ऑप्शन फॉर्मवर जागा कशी मिळते ते पाहा. आरक्षणाचे नियम सांभाळून संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो. आपला नंबर आला की आपली यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तो पहिला पर्याय देऊन मोकळा होतो. वरचे पाच पर्याय आपल्या आवाक्याबाहेरचे होते म्हणून सहाव्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तरी घराघरांत ऐकू येतं ते असं : ‘सीओईपीसारखं मोठं कॉलेज वर टाकून पसंती वाया कशाला घालवतोस? मिळण्यासारखं आहे ते पहिलं टाक.’ इंजिनिअरिंगच्या फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात; तिथे वाया जायला काही नसतंच. अकरावीला दहाच पर्याय, म्हणून तळाशी दोन-तीन हमखास मिळणारी कॉलेजं ठेवावी लागतात हे खरं, पण क्रमाचा नियम तिथेही तोच. खरा धोका उलट्या बाजूला आहे. 2025-26 मध्ये इंजिनिअरिंगच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी एखादा, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, की जागा आपोआप ‘फ्रीझ’. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. अकरावीतही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद. तेव्हा मुलाला मनातून नको असलेलं, पण काकांनी ठामपणे सुचवलेलं कॉलेज पहिल्या ओळीत गेलं आणि नेमकं तेच मिळालं, तर त्यात संगणकाची काही चूक नसते. जे मागितलं ते त्यानं दिलं. मागणाऱ्याऐवजी मागणी दुसऱ्याच कुणाची होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

या प्रश्नाला गणिताची चांगली भक्कम बैठक आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी 1962 मध्ये कॉलेज प्रवेशांवर एक छोटा निबंध लिहिला. विद्यार्थी आणि संस्था यांची जोडणी अशी करता येते की नंतर कुणालाच ती मोडून दुसरीकडे जाण्यात फायदा उरत नाही, हे त्यात दाखवलं होतं. या कामाचा पुढचा विस्तार ॲल्विन रॉथ यांनी केला आणि 2012 मध्ये शॅप्ली व रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते. मधल्या काळात बॉस्टन शहरात जे घडलं ते आपल्या कामाचं आहे. तिथल्या सरकारी शाळांची जुनी पद्धत अशी होती की ज्यांनी एखादी शाळा पहिल्या पसंतीला टाकली त्यांचा विचार आधी व्हायचा, उरलेल्या जागा दुसऱ्या पसंतीवाल्यांना. त्यामुळे पहिली पसंती ही जपून वापरायची चीज झाली. जाणत्या पालकांचे गट बैठका घेऊन ‘अमुक शाळा पहिली टाकू नका, तिथे गर्दी आहे’ अशी खलबतं करत. ज्यांना हे डावपेच ठाऊक नव्हते त्यांनी प्रामाणिकपणे मनातली शाळा वर लिहिली आणि मार खाल्ला. 2005 मध्ये शहराने ती पद्धत टाकून दिली आणि जिथे खरं लिहिण्यातच शहाणपण आहे अशी पद्धत घेतली. आपली पद्धत, एका फेरीपुरतं पाहिलं तर, या दुसऱ्या जातीची आहे. आपले पालक मात्र अजून पहिल्या जातीच्या डावपेचांत रमलेले आहेत. फ्रीझच्या अटीमुळे आपला व्यवहार पुस्तकातल्याइतका निर्मळ राहत नाही, हे मान्य; पण ती अटसुद्धा खोट्या क्रमालाच शिक्षा करते.

आता पहिला आक्षेप. सतरा वर्षांच्या मुलाला काय कळतं? मित्र जिकडे तिकडे तो, किंवा यूट्यूबवर कुणी सांगेल ते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि त्याला आधारही आहे. मात्र तो आधार नीट वाचला पाहिजे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या मुलांवर एक अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अकरांत भारतही होता. निष्कर्ष असा की शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या आसपास प्रौढांच्या बरोबरीला येते. भावनेच्या भरात, घाईत किंवा बरोबरीच्यांच्या दबावाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र अठरानंतरही वाढत राहते. याचा अर्थ एकच मूल जानेवारीत सहा कॉलेजं हिंडून, फी आणि अभ्यासक्रम लिहून काढून विचार करत असेल तर तुमच्या-माझ्याइतकं शहाणं असतं. आणि तेच मूल शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता, साइट अडकलेली, ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर आणि वडील दुसऱ्या गावी, अशा अवस्थेत ‘सबमिट’ दाबत असेल तर नसतं. मुलाच्या वयाबद्दल आपण काही करू शकत नाही. वेळेबद्दल करू शकतो, आणि ते बरंचसं पालकांच्या हातात आहे. क्रम हिसकावून घेण्याऐवजी त्यांनी मुलाला घाईतून सोडवावं.

या आक्षेपाची दुसरी बाजू अशी की पालकांना जग कळतं, बाजार कळतो. कळतो, पण कोणत्या सालचा? महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला, सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी आणली, 2002 च्या टी. एम. ए. पै निकालानंतर तीही गेली. आजच्या अर्जदारांचे आईवडील साधारण याच उलथापालथीच्या काळात कॉलेजच्या वयाचे होते. ‘डोनेशन’, ‘मॅनेजमेंट कोटा’, ‘मेकॅनिकल म्हणजे कायमची भाकरी’ ही त्यांची शब्दसंपदा त्या काळातली आहे. त्यात पर्सेंटाइलचा घोळ. पंचाऐंशी पर्सेंटाइल ऐकून वडील खूश होतात, कारण त्यांच्या डोक्यात पंचाऐंशी टक्के असतात. चार लाख मुलांच्या गटात पंचाऐंशी पर्सेंटाइल म्हणजे सुमारे साठ हजार मुलं पुढे, हा हिशेब मुलाला तोंडपाठ असतो. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या, त्यातले ‘जीओपन’, ‘एलओपन’ असे संकेत, कोणत्या रकान्यात आपण येतो, हेही मूलच आधी शिकतं. पालकांच्या अनुभवाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. नोकरी कशी मिळते, कशी जाते, कोणत्या संस्थेची पोरं कामाला कशी असतात, हे त्यांना ठाऊक असतं आणि ते त्यांनी जरूर सांगावं. पण पुरावा म्हणून सांगावं. हुकूम म्हणून सांगितलं की मूल वाद घालणं सोडतं आणि मनाची दारं बंद करून ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणतं. अकरावीत याचा सगळ्यात वाईट नमुना दिसतो. क्लासशी ‘टाय-अप’ असलेल्या कॉलेजात हजेरी कागदावर, प्रयोगशाळा कुलपात आणि दोन वर्षं क्लासच्या बाकावर. ही सोय बहुतेक घरांत मोठ्यांनी ठरवलेली असते. पंधरा वर्षांच्या मुलाला कॉलेज पाहायचं असतं, आणि माझ्या मते त्या बाबतीत त्याचीच बुद्धी सरस असते.

मग पालकांनी करायचं काय? भरपूर आहे, आणि ते मुलाला एकट्याने जमणारं नाही. जात पडताळणीचं उदाहरण घ्या. आरक्षित प्रवर्गातून जागा हवी तर जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा. ती शाळा कोणत्या गावची, आजोबांचं नाव तिथे लाडाचं लिहिलंय की खरं, आडनाव तेच आहे की पुढे बदललं, हे सतरा वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? ते आत्याला ठाऊक असतं, गावातल्या चुलत्याला असतं. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन तो उतारा काढणं, नावातला फरक असेल तर शपथपत्र करणं, हे काम महिनोन्‌महिने चालतं. प्रवेशाच्या वेळी पडताळणीसाठी अर्ज केल्याची पावती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो, आणि मग वर्षभराची मेहनत त्या एका उताऱ्यापाशी अडते. नॉन-क्रिमीलेअर कधीपर्यंत वैध आहे, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा, अधिवासाचा दाखला काढलाय का, आईचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का : हे सगळं पालकांनी बारावीच्या दिवाळीआधी हातावेगळं करावं. खरं पालकत्व इथे लागतं, आणि गंमत म्हणजे इथेच अनेक घरं ढिली असतात. क्रमाबद्दल तावातावाने बोलणारे वडील दाखल्यासाठी तहसीलला जायचं म्हटलं की ‘बघू’ म्हणतात.

दुसरा आक्षेप पैशांचा. फी आम्ही भरतो, तर ठरवणार आम्हीच. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. पैसे भरणाऱ्याला मर्यादा घालण्याचा पूर्ण अधिकार आहे. वर्षाला अमुक रुपयांच्या वर झेपणार नाही, होस्टेल परवडणार नाही, कर्ज काढलं तर ते इतकंच, हे त्याने सांगितलंच पाहिजे. बहुतेक घरांत नेमकं तेच सांगितलं जात नाही. मुलाला हिशेबाचा त्रास नको, किंवा वडिलांचा मान जाईल, म्हणून आकडा गुलदस्त्यात राहतो. मूल मनातली यादी करतं, आणि मग एकेक नाव काहीतरी भलतंच कारण देऊन खाली सरकवलं जातं : ते कॉलेज लांब आहे, तिथलं वातावरण बरोबर नाही, त्या शाखेला स्कोप नाही. कारण पैशांचं असतं, सांगितलं जातं दुसरं, आणि मुलाला खोटेपणाचा वास येतोच. आकडा आधी सांगितला तर सतरा वर्षांचं मूल त्यात बसवून यादी करू शकतं. कॉलेजवार मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. शिष्यवृत्त्या आणि ट्यूशन फी वेव्हरच्या जागा शोधणं हे मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. मर्यादेच्या आतला क्रम मात्र पैशांनी विकत घेता येत नाही, कारण त्या बाकावर चार वर्षं बसायचं आहे ते पैसे भरणाऱ्याला नाही.

मुलींच्या बाबतीत मर्यादा आणि क्रम यांची ही सरमिसळ अधिक बारकाईने पाहावी लागते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. होस्टेल आणि मेस त्यात नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तो खर्च खरा आहे. पण ज्या घरात मुलगा दोनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहतो आणि मुलीच्या यादीत मात्र एसटीने संध्याकाळी परत येता येईल अशीच कॉलेजं असतात, तिथे आता फीचं कारण देता येत नाही. भीती असेल तर ती भीती म्हणून बोलून दाखवावी. होस्टेल पाहून यावं, रेक्टरशी बोलावं, सीनिअर मुलींना विचारावं. बोलून दाखवलेल्या भीतीला उपाय सापडतो. फीच्या किंवा स्कोपच्या नावाखाली दडवलेल्या भीतीला सापडत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. तुमचं हे सगळं बोलणं शिकलेल्या घरांसाठी आहे, असं कुणी म्हणेल. जिथे आईवडील कॉलेजची पायरी चढलेच नाहीत तिथे कसली कामाची वाटणी? आकडे या आक्षेपाच्या बाजूचे आहेत. देशात उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण 2021-22 च्या सरकारी पाहणीत 28.4 टक्के होतं. आजचे पालक अठरा वर्षांचे होते तेव्हा ते दहा टक्क्यांच्याही खाली होतं. म्हणजे आज अर्ज भरणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या घरात हा अर्ज पहिल्यांदाच येतो. तिथे क्रम पालकही लावत नाहीत आणि मूलही नाही. तो लावतो सायबर कॅफेतला किंवा सेतूतला माणूस, मागे रांग उभी असताना, पाच मिनिटांत. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं पोट फॉर्मच्या संख्येवर आहे. पण या घरांत पालकांकडे द्यायला काही नसतं, ही समजूत मला मान्य नाही. कोणत्या कॉलेजचा कटऑफ किती, हे त्या आईला ठाऊक नसेल. घरात किती पैसे आहेत, कर्ज कुणाचं आहे, मूल घर सोडून राहू शकेल का, सकाळी सहाची गाडी वर्षभर गाठू शकेल का, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पणजोबांच्या शाळेचं गावही तिच्याच तोंडून कळतं. मुलाला कमी पडतं ते अर्ज भरण्याचं तंत्र, आणि ते घराबाहेरून पुरवता येतं.

ते कसं पुरवायचं, याबद्दल अमेरिकेतल्या एका प्रयोगाने फार स्पष्ट सांगितलं आहे. तिथे कॉलेजसाठी सरकारी मदत हवी तर एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कमी उत्पन्नाची जी कुटुंबं करविवरण भरायला येत त्यांच्यातल्या काहींना, तिथल्या तिथे बसून हा अर्जही भरून दिला. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली : तुम्हाला किती मदत मिळू शकते, जवळच्या कॉलेजांची फी किती. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण, ज्यांच्या आईवडिलांना अर्ज भरून दिला त्यांच्यात 28 वरून 36 टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीच फरक पडला नाही. निकाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. पत्रकं, मार्गदर्शन शिबिरं, फलकावरचे तक्ते यांवर आपण जो विश्वास टाकून बसलो आहोत, त्याला हा चांगलाच धक्का आहे, व्याख्यानांनाही आहे.

पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म लावून देणाऱ्या सल्लागारांबद्दल थोडक्यातच बोलतो. त्यांच्यातल्या प्रामाणिकांकडून मागच्या कटऑफचा अभ्यास मिळतो, तो घ्यावा. लॉगिन आणि पासवर्ड त्यांच्या हाती देऊ नये. क्रमावर मुलाची पसंती नसेल तर त्यांच्या अभ्यासालाही अर्थ उरत नाही.

नुसत्या माहितीने भागत नाही, म्हणून संयोजकांकडे एक मागणी करून थांबतो. अकरावीचा आणि सीईटीचा अर्ज भरायचे दिवस दरवर्षी जाहीर होतात. त्या दिवसांत हे सभागृह चार संध्याकाळी उघडं ठेवा. दोन-तीन संगणक, एक प्रिंटर, पडताळणीची कागदपत्रं समजणारा एखादा निवृत्त कारकून आणि मागच्या दोन वर्षांत या फेऱ्यांतून गेलेली चार-पाच मुलं, एवढं पुरेसं आहे. एका घराला अर्धा-पाऊण तास द्या. आईवडील आणि मूल दोघांनी सोबत यावं, ही अट ठेवा. आधी आईवडिलांकडून फीचा आकडा मुलासमोर सांगून घ्या, कागद तपासा, आणि मग कीबोर्ड मुलाकडे द्या. त्यासाठी माझं मानधन वापरता आलं तर जरूर वापरा. संगणक आणि प्रिंटर ज्यांच्याकडे असतील, त्यांनी आज जाता जाता संयोजकांकडे नाव नोंदवावं.